जुन्या फोनची जार आणि सिस ॲप्स: आधी नोंदी वाचवा, मग ॲप चालवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्या बटणांच्या फोनमधून आणि मेमरी कार्डावरून काढलेल्या जार (जावा ॲपची फाइल), जॅड (जारची माहिती सांगणारी छोटी फाइल) आणि सिस (सिंबियन या जुन्या फोन-प्रणालीच्या ॲपची फाइल) अशा फाइलींचं एक फोल्डर तुमच्याकडे आहे. त्यात काही खेळ आहेत आणि खर्च लिहून ठेवायचं एक ॲप आहे, ज्यात कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. ऑनलाइन कन्व्हर्टरने जारचं एपीके, म्हणजे अँड्रॉइडची ॲप-फाइल, करून पाहिलंत, तर एक ॲप इन्स्टॉलच होत नाही आणि दुसरं उघडतं पण पडदा काळा राहतो. सिस फाइल तर कुठलाच कन्व्हर्टर घ्यायला तयार नाही. मूळ फोन अजून सुरू होतो, पण बॅटरी धरत नाही.

तुम्ही विचारलंय, 'याचं एपीके कसं करू?' माझ्या मते खरा प्रश्न तो नाही. तुमच्याकडे तीन निरनिराळी कामं एकत्र आली आहेत: खर्चाच्या नोंदी बाहेर काढणं, जावाचे खेळ चालवणं आणि सिंबियनचे प्रोग्रॅम चालवणं. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. आणि यातल्या एकाही कामात मूळ ॲप 'बदलायची' गरज नाही. हे काम करता करता माझा एक नियम पक्का झाला आहे: उपयोगाचं ॲप असेल तर त्यातली माहिती वाचवायची आणि ॲपचा नाद सोडायचा, खेळ असेल तर फाइलला हात न लावता तिच्याभोवती जुना फोन उभा करायचा.

नोंदींपासून सुरुवात करतो, कारण तेवढंच काम वेळेच्या मागे धावतंय. बाकीचं पुढच्या वर्षीही करता येईल.

खर्चाच्या ॲपची जार तुमच्याकडे आहे म्हणजे नोंदी हातात आल्या असं समजू नका. जारमध्ये फक्त प्रोग्रॅम, चित्रं आणि आवाज असतात. जावा एमईची, म्हणजे जुन्या फोनसाठीच्या जावाची, ॲप्स आपली माहिती आरएमएस नावाच्या साठ्यात ठेवतात आणि तो साठा फोनच्या आत, बहुधा वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी असतो. ॲप काढून टाकलं की त्याचा आरएमएसही जातो. तसं जावा एमईच्या प्रमाणातच (अधिकृत नियमावलीतच) ठरलेलं आहे. म्हणून जुन्या फोनवरचं ते ॲप 'काढून पुन्हा टाकून बघू' हा प्रयोग कृपा करून करू नका. फोन रीसेट करू नका. मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. बॅटरी फुगलेली दिसत असेल तर ती चार्जिंगलाही लावू नका, त्या मॉडेलला चालणारी दुसरी बॅटरी आणा.

फोन नीट चालू राहायला लागला की पहिलं काम: ॲप उघडून सगळ्या नोंदींच्या पडद्यांचे फोटो काढा. हे कंटाळवाणं आहे, पण यात बिघडण्यासारखं काही नाही आणि यानंतर पुढचे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात. मग ॲपच्या मेनूत निर्यात, बॅकअप किंवा एसएमएसने पाठवा असं काही आहे का ते पाहा. फोनच्या फाइल व्यवस्थेत लिहिण्याची सोय जावा ॲप्सना जेएसआर ७५ या जोडप्रमाणामुळे मिळाली आणि सगळ्या फोनमध्ये ती नव्हती, त्यामुळे निर्यात नसलेली ॲप्सच जास्त सापडतात. फोन नोकियाचा असेल आणि कधीकाळी पीसी सूट या नोकियाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमने घेतलेला बॅकअप संगणकावर पडून असेल, तर त्याची एनबीयू फाइल एनबीयू एक्सप्लोररमध्ये उघडून आत काय आहे ते जरूर पाहा.

समजा, कुठून तरी आरएमएसची कच्ची फाइल मिळाली. ती उचलून एम्युलेटरच्या (जुन्या फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फोल्डरमध्ये टाकली की चालेल असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. आरएमएस कसा वापरायचा हे प्रमाणाने ठरवलं, तो डिस्कवर कसा लिहायचा हे प्रत्येक कंपनीवर सोडलं. पण आतल्या नोंदी वाचणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण बहुतेक प्रोग्रॅमर जावाच्या त्याच दोन-तीन ठरलेल्या पद्धतींनी लिहीत. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट सोळाच्या पायातल्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडा. मजकूर असेल तर आधी दोन बाइटमध्ये लांबी आणि मग अक्षरं असतात. ०० ०५ ४२ ६८ ६१ ६४ ६५ असं दिसलं तर पहिले दोन बाइट सांगतात की पुढे पाच बाइटचा मजकूर आहे, आणि तो मजकूर रोमन लिपीत लिहिलेलं 'भाडे' आहे. रक्कम बहुधा चार बाइटच्या पूर्णांकात असते. जावा एमईच्या पायाभूत भागात, सीएलडीसीच्या १.० या सुरुवातीच्या आवृत्तीत, दशांश संख्यांची सोयच नव्हती, म्हणून लोक रक्कम शंभराने गुणून साठवत. ०० ०० ३० ३९ म्हणजे १२३४५, आणि ती खरी रक्कम १२३.४५ असण्याची शक्यता मोठी. तारीख आठ बाइटची असते: १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. नोव्हेंबर २००४ नंतरची आजवरची कुठलीही तारीख या पद्धतीत ०० ०० ०१ ने सुरू होते, त्यामुळे फाइलमध्ये हा क्रम शोधला की नोंदी कुठे कुठे सुरू होतात ते भराभर सापडतं. ही वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असते, तेव्हा रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या नोंदी एक दिवस सरकलेल्या दिसल्या तर घाबरू नका.

काढलेल्या फोटोंतल्या चार-पाच नोंदी ताडून पाहिल्या की रचना पक्की कळते. मग सगळं एका साध्या स्प्रेडशीटमध्ये आणा. खर्चाचं ॲप पुन्हा चालवण्यात मला शहाणपण दिसत नाही. ते चाललं तरी तुमची माहिती पुन्हा एका बंद पेटीत जाईल आणि काही वर्षांनी हाच प्रश्न तुम्ही परत विचाराल.

आता कन्व्हर्टरबद्दल, कारण तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेलेला दिसतोय.

जार ही मुळात झिप फाइल आहे. आत जावाचे संकलित क्लास असतात. अँड्रॉइड त्या रूपातले क्लास चालवत नाही, त्याला डेक्स नावाचं रूप लागतं. क्लासचं डेक्स करणं हे यांत्रिक काम आहे आणि ते व्यवस्थित होतं. अडचण त्यापुढे आहे. जुना खेळ पडद्यावर काही काढायचं असलं की जावा एमईच्या एलसीडीयूआय या लायब्ररीतल्या कॅनव्हासला हाक मारतो, साठवायचं असलं की आरएमएसला आणि आवाजासाठी एमएमएपीआयला. यातलं काहीही अँड्रॉइडमध्ये नाही. म्हणून जारचं एपीके करणारा प्रत्येक कन्व्हर्टर तुमच्या खेळाबरोबर एक अख्खा एम्युलेटर त्याच एपीकेत कोंबतो. बऱ्याचदा तो मायक्रोएम्युलेटरची एखादी जुनी आवृत्ती असतो. म्हणजे रूपांतर झालंच नाही, एम्युलेटर फक्त लपवला गेला. आणि लपवलेला एम्युलेटर अद्ययावतही करता येत नाही आणि त्याच्या सेटिंगही बदलता येत नाहीत.

तुमच्या दोन्ही अडचणी इथूनच आल्या असाव्यात. अँड्रॉइड १४ पासून, ज्या ॲपने आपलं लक्ष्य (कुठल्या अँड्रॉइडसाठी बांधलं ते) एपीआय पातळी २३ च्या, म्हणजे अँड्रॉइड ६.० च्या खालचं सांगितलं आहे ते फोन इन्स्टॉलच करू देत नाही. जुन्या कन्व्हर्टरची एपीके हटकून त्याखालची असतात. संगणकाला जोडून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनाने ही अट ओलांडता येते, पण इथे तो खटाटोप करू नका. काळ्या पडद्याची कारणं अनेक असू शकतात: खेळाला लागणारी कंपनीची खास लायब्ररी त्या एम्युलेटरमध्ये नाही, पडद्याचा आकार त्याला अपेक्षित होता तसा नाही, किंवा खेळ सुरू होताना एखादं बटण दाबण्याची वाट पाहतोय आणि ते बटण पडद्यावर नाहीच. बंद एपीकेत यातलं काहीच तपासता येत नाही. शिवाय अनोळखी संकेतस्थळाने स्वतःच्या डिजिटल सहीने बांधलेलं एपीके आपल्या रोजच्या फोनमध्ये घालणं मला मुळीच पसंत नाही. तुम्ही टाकलेली ती एपीके काढून टाका.

त्यापेक्षा उघड एम्युलेटर वापरा. अँड्रॉइडवर माझी पहिली पसंती जेटूएमई लोडरला. तो मुक्तस्रोत आहे, जार जशीच्या तशी घेतो, डेक्स करण्याचं काम स्वतः आत करतो आणि प्रत्येक खेळाच्या सेटिंग वेगळ्या ठेवतो. संगणकावर केएम्युलेटर किंवा फ्रीजेटूएमई; दुसरा रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही कोअर म्हणून चालतो. बारकाईने तपासायचं असलं की मी संगणकावर बसतो, खेळायला फोन बरा.

जार टाकली आणि लगेच नीट चालली असं काही खेळांचं होतं. बाकीच्यांसाठी सेटिंगमध्ये शिरावं लागतं आणि तिथे काय पाहायचं हे कळलं की नव्वद टक्के गोष्टी सुटतात.

सर्वांत आधी पडद्याचा आकार. त्या काळात एकच खेळ निरनिराळ्या फोनसाठी वेगवेगळा बांधत: १२८ × १२८, १७६ × २०८, १७६ × २२०, २४० × ३२० असे. अनेक खेळांत हे आकडे प्रोग्रॅममध्येच कोरलेले असतात. एम्युलेटरला तुमच्या आजच्या फोनचा पूर्ण पडदा दिलात तर खेळ वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटून बसेल किंवा अर्धं चित्र गायब होईल. म्हणून खेळ ज्या आकारासाठी बांधला तोच आकार द्या आणि मोठं करण्याचं काम एम्युलेटरवर सोपवा. दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत वाढवलं तर चित्रं धारदार राहतात. आकार माहीत नसेल तर जारची एक प्रत झिप म्हणून उघडा आणि सुरुवातीच्या पडद्याचं पीएनजी चित्र किती बाय किती आहे ते पाहा. बहुधा तिथेच उत्तर असतं. एकाच खेळाच्या अनेक जार असतील तर २४० × ३२० ची निवडा.

मग बटणं. अंकांची बटणं सगळीकडे सारखी होती, पण दिशांची आणि पडद्याखालच्या दोन सॉफ्ट बटणांची सांकेतिक संख्या प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवली. नोकियात डावं सॉफ्ट बटण उणे ६ आणि उजवं उणे ७; मोटोरोलात ते उणे २१ आणि उणे २२; सीमेन्सचं आणखी वेगळं. मेनू दिसतोय पण 'निवडा' दाबून काही होत नाही, असं झालं तर जवळजवळ नेहमी हेच कारण असतं. एम्युलेटरमध्ये बटणांची मांडणी त्या कंपनीची करा. काही खेळ फोनचं मॉडेलही विचारतात आणि ओळखीचं नाव मिळालं नाही तर गप्प बसतात. एम्युलेटरच्या सिस्टिम प्रॉपर्टीमध्ये मॉडेलचं नाव लिहिता येतं. जार ज्या फोनसाठी होती त्याचंच नाव द्या.

तिसरी गोष्ट वेग. जुन्या फोनचा प्रोसेसर इतका हळू होता की काही प्रोग्रॅमरांनी वेळ मोजण्याची तसदीच घेतली नाही. फोन जितक्या जोरात चित्र काढेल तितक्या जोरात खेळ धावायचा. आज असा खेळ डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगात संपतो. सेकंदाला किती चित्रं काढायची यावर मर्यादा घाला. १५ पासून सुरू करून वर जा, खेळ हाताला बरोबर वाटेल तिथे थांबा.

त्रिमितीय खेळांसाठी दोन वेगळ्या पद्धती होत्या. जेएसआर १८४ हे प्रमाण होतं, ते बऱ्याच एम्युलेटरमध्ये चालतं. मॅस्कॉट कॅप्सूल नावाचं दुसरं इंजिन लागणारा खेळ असेल तर जेटूएमई लोडरचीच जेएल-मॉड ही शाखा वापरून पाहा. अक्षरांऐवजी विचित्र चिन्हं दिसली तर एन्कोडिंग बदला. खेळ एसएमएस पाठवण्याची परवानगी मागू लागला तर देऊ नका. पुढची पातळी उघडायला जादा दराचा एसएमएस पाठवायची रीत तेव्हा सर्रास होती.

जॅड फाइली फेकू नका. मूळ फोनवर इन्स्टॉल करताना जॅडमध्ये लिहिलेला जारचा आकार आणि खरा आकार बाइटपर्यंत जुळावा लागतो. एम्युलेटर जॅडशिवाय चालतात, पण काही ॲप्स आपल्या सेटिंग जॅडमधूनच वाचतात. जार आणि जॅड एकाच नावाने, जोडीने ठेवा.

आणि जारच्या आत बदल करायचा मोह होईल, भाषा बदलू, सर्व्हरचा पत्ता बदलू वगैरे. चित्र किंवा मजकुराची फाइल बदलणं ठीक आहे, अर्थात प्रतीवर. क्लास बदललात तर दोन अडचणी येतात. जावा एमईचा क्लास फोनवर जाण्याआधी पूर्वपडताळणी करून घ्यावा लागतो, नाहीतर खरा फोन तो नाकारतो. प्रोगार्ड हे साधन ते काम करून देतं. शिवाय ॲप सही केलेलं असेल तर सही मोडते. स्वतः लिहिलेलं ॲप असेल आणि मूळ कोड हातात असेल तर गोष्ट वेगळी: हिशेबाचा भाग बाजूला काढा आणि पडद्याचा भाग अँड्रॉइडसाठी नव्याने लिहा. कोड नसेल तर डीकंपाइल करून (संकलित क्लासमधून कोड परत काढून) बहुधा अ, ब, क अशा नावांचे निरर्थक क्लास हाती लागतात, कारण जारचा आकार कमी ठेवायला सगळी नावं मुद्दाम आखूड केलेली असत. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनमध्ये जार ६४ केबीत बसवावी लागे, हे लक्षात घेतलं की त्या माणसांनी असं का केलं ते कळतं आणि त्यांच्या कौशल्याबद्दल आदरही वाटतो.

आता सिस. इथे जावाचा संबंध नाही. सिसमध्ये सिंबियनसाठी थेट एआरएम प्रोसेसरच्या भाषेत संकलित केलेला प्रोग्रॅम असतो, तो सिंबियनच्या कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी, बोलतो. त्याचं एपीके करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ईकेए२एल१ हा एम्युलेटर आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर चालतो, आणि नोकियाच्या २००३ च्या एन-गेज या खेळांच्या फोनचे खेळही त्यावर चालवता येतात. पण त्याला फोनची सिस्टिम लागते, म्हणजे त्या फोनचं फर्मवेअर. ते तुमच्या स्वतःच्या फोनमधून काढलेलं असावं हे बरं. दुसऱ्याकडून घेतलेलं फर्मवेअर वापरणं कायद्यात बसतं का हे देशागणिक बदलतं.

कुठल्या फोनचं फर्मवेअर, हे सिस कुठल्या पिढीची आहे त्यावर ठरतं. सिंबियन ९ आलं, म्हणजे नोकियाच्या एस६० या सिंबियन फोनमालिकेची तिसरी आवृत्ती, तेव्हा आतली रचना इतकी बदलली की आधीचे प्रोग्रॅम नव्या फोनवर चालेनात आणि प्रत्येक प्रोग्रॅमवर सही सक्तीची झाली. फाइलच्या नावावरून पिढी ओळखू नका, हेक्स एडिटरमध्ये सुरुवात पाहा. नवव्या बाइटपासून १९ ०४ ०० १० असा क्रम असेल तर फाइल सिंबियन ९ च्या आधीची. तो नसेल आणि पहिल्या चार बाइटांत शेवटचे दोन २० १० असतील तर नवी. खऱ्या फोनवर नवी सिस 'प्रमाणपत्राची मुदत संपली' म्हणून अडली तर फोनची तारीख त्या ॲपच्या काळात मागे नेऊन इन्स्टॉल करा आणि मग पुन्हा आजची करा. मात्र खर्चाच्या नोंदी सुरक्षित होईपर्यंत त्या फोनच्या तारखेला हात लावू नका.

तुमच्या फोल्डरमध्ये इतर काही सापडलं तर थोडक्यात: पीआरसी आणि पीडीबी या पामच्या (जुन्या हातातल्या संगणकांच्या) फाइली, त्या क्लाउडपायलट या एम्युलेटरमध्ये, ब्राउझरमध्येच चालतात, तिथेही पामचा रॉम (त्याच्या सिस्टिमची प्रत) लागतो. सीओडी म्हणजे जुनं ब्लॅकबेरी; त्यांच्या जुन्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या, त्यामुळे त्या सेवांवर उभ्या असलेल्या ॲप्सच्या मागे लागू नका. हेच कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या बातम्या, गप्पा, हवामान अशा ॲप्सना लागू आहे: सर्व्हर गेला असेल तर ॲप उत्तम चाललं तरी आत काही येणार नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. फोटो आणि नोंदी, मग सगळ्या मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी, मग जेटूएमई लोडरमध्ये खेळ, एकेक करून, सिस शेवटी. जेटूएमई लोडर खेळांची प्रगती आपल्या कामाच्या फोल्डरमधल्या डेटा नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवतो, फोन बदलताना तोही बरोबर न्या.

काळा पडदा दाखवणारी जार लोडरमध्येही अडली तर दोन गोष्टी इथे लिहून पाठवा. जारमधल्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट नावाची मजकुराची फाइल असते. तिच्यातल्या 'मायक्रोएडिशन'ने सुरू होणाऱ्या ओळी द्या, त्यावरून ॲप एमआयडीपीच्या, म्हणजे जावा एमईच्या फोनसाठीच्या प्रमाणाच्या, १.० साठी आहे की २.० साठी ते कळेल. आणि एम्युलेटरच्या लॉगमधली 'क्लास सापडला नाही' अशी ओळ द्या. न सापडलेल्या क्लासच्या नावातच कंपनी असते. तिथे नोकिया, सीमेन्स किंवा मोटोरोला आलं तर दुसऱ्या एम्युलेटरवर चालण्याची आशा चांगली आहे. एनटीटी डोकोमो ही जपानी कंपनी आली तर ते ॲप एमआयडीपीचं नाहीच, डोजा या वेगळ्या जपानी पद्धतीचं आहे, आणि त्यासाठी एम्युलेटरही डोजाचाच शोधावा लागेल.